मुलाचे गाणे कोणासाठी?

लहान मुलांना संगीत शिकवावे काय, असे आज सहसा कोणी विचारीत नाही. शिकवावे, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. विचारले जाते ते निराळेच : संगीत शिकून मुलाला लाभ काय? प्रश्न साधा दिसतो, आणि आईबापांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. कारण पैसा त्यांचा खर्च होतो, वेळ त्यांचा जातो आणि संध्याकाळी मुलाला शिकवणीला पोचविण्याची यातायातही त्यांनाच करावी लागते. परंतु ‘लाभ’ हा शब्द व्यापाऱ्याच्या चोपडीत आढळतो तसा संतांच्या वाणीतही आढळतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नसतो. मुलाच्या संगीताविषयी बोलताना यांपैकी कोणता अर्थ आपण मनात धरतो, यावर आपण त्याला काय देतो आणि त्याच्याकडून काय काढून घेतो, हे अवलंबून राहते. म्हणून हा प्रश्न जितका शिक्षणशास्त्राचा तितकाच नीतिविचाराचाही आहे.

हिशेबाचा अर्थ आपल्या काळात किती झपाट्याने पसरला याचे एक उदाहरण बोलके आहे. १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना दहा मिनिटे ऐकविली होती. त्यानंतर घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीची कोडी त्या विद्यार्थ्यांनी काहीशी अधिक चांगली सोडविली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही, हेही संशोधकांनीच नमूद केले होते. या प्रयोगात एकही मूल नव्हते. तरीसुद्धा पाच वर्षांच्या आत, १९९८ मध्ये, अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पाठविण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम फारच थोडा असल्याचे दिसून आले; आणि ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांना एखादी गोष्ट ऐकविली तरी तेवढीच हुशारी चढते, असेही आढळले. मन प्रसन्न असले म्हणजे बुद्धी थोडी तरतरीत चालते, एवढेच काय ते त्याचे सार. पण तोवर ‘संगीताने मूल बुद्धिमान होते’ हे वाक्य घरोघर पोचले होते, आणि ते अद्याप परतलेले नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला एक अधिक गंभीर प्रयोग आहे. कॅनडातील टोरोंटो येथे सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य शिकविण्यात आले आणि चौथ्याला काहीच शिकविले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे सात गुणांनी वाढला, तर इतरांचा सुमारे चार गुणांनी. फरक खरा होता, परंतु तो तीनेक गुणांचा होता. गंमत अशी, की चारचौघांत वागण्याची रीत सुधारली ती नाट्य शिकलेल्या मुलांची. संगीताच्या शिकवणीने त्या बाबतीत विशेष काही साधले नाही.

समजा, हे तीन गुण आपण पदरात पाडून घेतले. तरी प्रश्न उरतोच. केवळ बुद्ध्यंक वाढावा म्हणून संगीत शिकवायचे असेल, तर उद्या बुद्धिबळाने पाच गुण वाढतात असे सिद्ध झाल्याबरोबर तंबोरा अडगळीत टाकावा लागेल. ज्या वस्तूचे मोल तिच्याबाहेरील कशावरून तरी ठरते, तिच्या जागी दुसरी वस्तू केव्हाही येऊ शकते. मुलाला हे तर्काने कळत नसले तरी वागणुकीवरून कळते. वडिलांना गाणे नको आहे, गाण्यातून निघणारे दुसरेच काही हवे आहे, हे त्याने एकदा हेरले की तेही गाण्याकडे त्याच नजरेने पाहू लागते. अशी मुले परीक्षा संपताच पेटी बंद करतात, आणि आपण त्यांनाच दोष देतो.

तेव्हा लाभ कोणता, हे ठरविण्यापूर्वी मूल संगीत शिकते कसे, हे नीट पाहिले पाहिजे. ते शिकवणीच्या पहिल्या दिवशी शिकू लागत नाही. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याचा कान जागा झालेला असतो, आणि जन्मल्यावर अनोळखी आवाजांतून आईचा आवाज ते वेगळा ओळखते. पुढे पाळण्याचा झोका, पाठीवरचे थोपटणे, खांद्यावर घेऊन घातलेल्या येरझारा यांतून लय त्याच्या अंगात उतरते. आपल्याकडील आयांना हे कोणी शिकविले नव्हते. बारशाच्या दिवशी नावाबरोबर पाळणा म्हटला जातो, म्हणजे जगात मुलाचे स्वागत नाव आणि गाणे या दोहोंनी एकदमच होते. यातले औचित्य आपल्या सहसा लक्षात येत नाही. ज्या भाषेचा एक शब्दही कळत नाही त्या भाषेतील अंगाई ऐकली तरी ती अंगाई आहे हे लोकांना ओळखता येते, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. मनुष्यजातीला सर्वत्र सारखीच गवसलेली अशी जी थोडी रूपे आहेत, त्यांत हे एक गणले पाहिजे.

मूल गाऊ लागते तेव्हा सूर आधी लागत नाही. आधी चालीचा आकार येतो : कोठे चढायचे, कोठे उतरायचे, कोठे थांबायचे. स्वरांची नेमकी अंतरे पुढे सावकाश येतात. एका आधारस्वराला धरून राहणे बहुधा पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमू लागते. चार वर्षांच्या मुलाचे गाणे आपल्याला बेसूर वाटते, पण ते चुकीचे नसते. चित्रकार आधी बाह्यरेषा काढतो, तशी ती गाण्याची बाह्यरेषा असते. या वयातल्या मुलाला ‘तुला सूर नाही’ असे सांगणे म्हणजे रांगणाऱ्याला ‘तुला चालता येत नाही’ असे सांगून त्याचे पाय बांधण्यासारखे आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जर्मनीतील लाइप्झिग येथील संशोधकांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ठेक्याबरोबर ढोल वाजवायला सांगितले. ठेका कधी ध्वनिक्षेपकातून येई, कधी यंत्र वाजवी आणि कधी समोर बसलेला माणूस वाजवी. २००९ साली त्यांनी जाहीर केले, की समोर माणूस असला म्हणजे मुले ठेका अधिक अचूक धरतात. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी असे दाखविले, की एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली चार वर्षांची मुले, तोच खेळ संगीतावाचून खेळलेल्या मुलांपेक्षा, नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावतात. कॅनडातील एका प्रयोगात तर चौदा महिन्यांच्या बालकांना कडेवर घेऊन ठेक्यावर झुलविण्यात आले. समोरचा माणूस त्यांच्याच लयीत हलला असेल, तर त्याच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्याकडे त्या बालकांची ओढ अधिक दिसली. हे निष्कर्ष २०१४ चे आहेत.

टोरोंटोच्या शिकवणीतून जे लाभले नाही, ते या साध्या खेळातून लाभले, याचा अर्थ काय? दोन प्रयोगांवरून सिद्धांत बांधू नये हे खरे. परंतु त्यातून एक दिशा दिसते. मुलाला संगीत ‘देता’ येत नाही. त्याच्याबरोबर ते करावे लागते. ध्वनिक्षेपकातून येणारा सूर कितीही निर्दोष असला तरी तो मुलासाठी थांबत नाही, मूल मागे पडले तर लय किंचित सैल करीत नाही, चुकल्यावर हसत नाही. माणूस हे सारे करतो. आणि माणूस आपल्यासाठी थांबतो, म्हणून आपणही त्याच्यासाठी थांबावे, ही नीतीची पहिली पायरी मूल कोणत्याही उपदेशावाचून चढून जाते. आपल्या बैठकीत समेवर सर्वांच्या माना एकदम हलतात. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला त्यातले ताल-मात्रांचे गणित कळत नाही. पण इतकी माणसे एका क्षणाची मिळून वाट पाहतात आणि तो क्षण आला की मिळून सुखावतात, एवढे त्याला दिसते. ‘वाट पाहण्यात सुख असते’ हे मुलाला शब्दांनी पटवून देणे फार अवघड आहे.

वारकऱ्यांच्या भजनात पाच वर्षांचे पोर हातात टाळ घेऊन मोठ्यांच्या रांगेत उभे असते. त्याची परीक्षा कोणी घेत नाही, त्याला कोणी वेगळे काढून शाबासकीही देत नाही. ते चुकते, पण त्याची चूक पन्नास टाळांच्या नादात सामावून जाते. वर्ष-दोन वर्षांत चूक उरत नाही. पश्चिम राजस्थानातील मांगणियार गायकांच्या घरीही असेच पाहावयास मिळते. मुलगा वडिलांच्या शेजारी खडताल घेऊन बसतो आणि केव्हा शिकला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. येथे संगीत हा अभ्यासक्रम नसतो. ते बसण्याउठण्याचे, नात्यागोत्याचे आणि पुढे पोटापाण्याचे साधन असते.

येथवर जे म्हटले त्यावर एक जबर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. संगीत विचारशक्ती जागी होण्यापूर्वीच मनात शिरते, हे प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्पष्ट ओळखले होते. लय आणि स्वर आत्म्याच्या अगदी आतल्या भागात जाऊन ठाण मांडतात, म्हणून बालपणीचे शिक्षण संगीतापासून सुरू करावे, असे तो सांगतो. आणि त्याच कारणासाठी कोणते स्वरबंध मुलांच्या कानी पडू द्यावेत आणि कोणते पडू देऊ नयेत, हे राज्याने ठरवावे, असेही सांगतो. दोन्ही विधाने एकाच मुळातून निघाली आहेत. ज्या वाटेने सद्भाव आत जातो, त्याच वाटेने आंधळी आज्ञाधारकताही आत जाते. विसाव्या शतकातील हुकूमशहांनी लाखो मुलांना एका लयीत गायला आणि चालायला लावले, आणि एकत्र गाण्याने जवळीक वाढते हे तत्त्व तेथेही अचूक ठरले. फक्त ती जवळीक रांगेबाहेरच्यांच्या विरुद्ध वापरली गेली. तेव्हा संगीत मुलाला आपोआप सज्जन करते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आणि मुलाची संमती घेता येत नसताना त्याच्या मनावर सूर कोरण्याचा आपल्याला अधिकार काय, हा प्रश्न खराखुरा आहे.

कोणताच सूर न कोरता मुलाला मोकळे सोडावे, असे म्हणता येत नाही. कारण तशी मोकळी जागा जगात नाही. आपण गायलो नाही तर रस्त्यावरचे ध्वनिक्षेपक गातील, हातातले यंत्र गाईल. भाषेचेही असेच असते. मुलाची संमती घेऊन कोणी त्याला मातृभाषा शिकवीत नाही. तरी भाषा शिकविणे हा अन्याय ठरत नाही, कारण शिकविणाऱ्याविरुद्ध बोलण्याचे सामर्थ्यही मुलाला त्याच भाषेतून मिळते. संगीताच्या बाबतीत मला हीच कसोटी योग्य वाटते. जे गाणे मुलाला पुढे आपले स्वतःचे गाणे गाण्याचे सामर्थ्य देते, ते शिकविण्याचा आपल्याला अधिकार आहे. जे त्याला केवळ आपला प्रतिध्वनी करून ठेवते, ते कितीही सुरेल असले तरी तो अधिकार आपल्याला नाही.

या कसोटीवर आपल्याकडील एक जीवन आठवते. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) लहानपणीच मैफली गाजवू लागले ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून. ऐकणारे थक्क होत, आणि टाळ्या पडत. त्या टाळ्यांच्या भरवशावर तो मुलगा जन्मभर नक्कलच करीत राहिला असता तर नवल नव्हते. कितीएक बालकलावंतांच्या वाट्याला तेच येते. पण मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे तो शिकायला राहिला, आणि स्वर का लागतो, कसा लागतो, याचा विचार तेथे सुरू झाला. १९४८ साली क्षयाच्या आजारपणात कुमार देवासला आले. गाणे बंद झाले तेव्हा अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायामाणसांची गाणी ते ऐकत राहिले, आणि पुढे त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले. लहानपणीची नक्कल वाया गेली असे यावरून म्हणता येत नाही. नक्कल हीच बालकाची शिकण्याची रीत आहे. मात्र ती पायरी आहे, आणि पायरीवर घर बांधायचे नसते. मुलाच्या नकलेला रंगमंचावर बसवून टाळ्या देणारे आपण मोठे लोक त्या पायरीवरच त्याचे घर बांधीत असतो.

दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धा पाहताना हा विचार टाळता येत नाही. त्यांतून गुणी मुले पुढे आली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आठ वर्षांच्या मुलाने विरहाचे गीत प्रौढ हावभावांनी म्हणावे, परीक्षकांनी डोळे पुसावेत आणि पुढच्या आठवड्यात त्याच मुलाने ‘बाहेर’ पडून रडावे, यात संगीत किती आणि मोठ्यांची करमणूक किती? रूसोने १७६२ मधील आपल्या ‘एमिल’ या ग्रंथात लहान मुलाला नाटकी गाणे देऊ नये, त्याच्या वयाला शोभेल असे सरळ आणि साधे गाणे द्यावे, असे म्हटले होते. त्याचे सारेच विचार पटतात असे नाही. हा मात्र आजही पटतो.

ॲरिस्टॉटलने हा प्रश्न ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात फार समंजसपणे हाताळला आहे. दुसऱ्यांचे गाणे ऐकून आनंद मिळत असताना मुलांनी स्वतः गावे-वाजवावे कशासाठी, असे तो विचारतो. त्याचे उत्तर असे, की ज्याने एखादी गोष्ट स्वतः केली नाही त्याला तिची पारख करणे कठीण जाते. शिवाय मुलांच्या हातांना काहीतरी उद्योग हवाच असतो. आर्कायटसने काढलेल्या खुळखुळ्याचे तो कौतुक करतो, कारण खुळखुळा हाती असला म्हणजे मूल घरातल्या वस्तू फोडीत नाही. आणि शिक्षण हा मोठ्या मुलांचा खुळखुळाच, असेही तो म्हणतो. मात्र स्पर्धेसाठी लागणारी चमत्कृतिपूर्ण करामत मुलांना शिकवू नये, असे त्याने स्पष्ट बजावले आहे. यामागे संगीतावर पोट भरणाऱ्यांना हलके लेखणारा, गुलामगिरीवर उभ्या असलेल्या समाजाचा अहंकार होता, तो आपण बाजूला ठेवला पाहिजे; आपल्याकडेही ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या जिवंत ठेवली त्यांनाच समाजाने दूर बसविले होते. तो अहंकार वगळला तर उरलेले तत्त्व सोन्यासारखे आहे : स्वतः करून पाहावे ते पारख यावी म्हणून. तानसेन नव्हे तरी कानसेन घडावेत, हे आपल्याकडचे बोलणे याहून निराळे नाही.

आपल्या देशात हे तत्त्व शाळेत आणण्याचा खटाटोप ज्यांनी केला, त्यांतील पुष्कळांचे कार्य महाराष्ट्राबाहेर घडले, ही या मासिकाच्या वाचकांना अभिमानाची गोष्ट वाटेल. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढली. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पं. भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. यापूर्वी संगीत शिकावयाचे तर गुरूच्या घरी राहून, वर्षानुवर्षे सेवा करून, तो देईल तेव्हा आणि देईल तेवढे घ्यावे लागे. घरंदाज कुटुंबातील मुलामुलींना तर ते दारच बंद होते. स्वरलिपी, क्रमिक पुस्तके आणि वर्ग यांनी ते दार उघडले. हा उपकार विसरता येणार नाही.

पण दार उघडले त्याबरोबर परीक्षाही आत आली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढताना मूल रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी पाठ म्हणते आणि राग मात्र त्याच्या कानाआड राहतो. दोष पायऱ्यांचा नाही. कर्नाटक संगीतात पुरंदरदासांच्या नावे चालत आलेले मायामाळवगौळ रागातील प्राथमिक पाठ शतकानुशतके मुले म्हणत आली आहेत, आणि त्या क्रमातून समृद्ध परंपरा उभी राहिली आहे. दोष येतो तो पायरीला प्रमाणपत्र जोडले आणि प्रमाणपत्राला घराची प्रतिष्ठा जोडली म्हणजे.

याला पर्याय शोधणारेही आपल्याकडे झाले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात ताराबाई मोडक यांनी माँटेसोरी पद्धतीचे बालशिक्षण जवळून पाहिले आणि केले. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी ते आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. माँटेसोरी पद्धतीत घंटांच्या दोन ओळी असतात. एका ओळीतील घंटा वाजवून मूल दुसऱ्या ओळीतून तिच्याच स्वराची जोडीदार घंटा शोधते. दिसायला सगळ्या सारख्याच असल्याने डोळ्यांचा उपयोग नसतो, कानच सांगतो. चुकले तर बाई ‘चुकले’ म्हणत नाहीत. दोन स्वर एकमेकांशी जुळत नाहीत हे मुलालाच ऐकू येते, आणि ते पुन्हा शोधू लागते. येथे मुलाला कोणी जिंकायचे नसते आणि कोणाला प्रसन्नही करायचे नसते. स्वराशी त्याचे प्रामाणिक नाते जुळते. खरेपणाची सवय लावण्याचा याहून सौम्य मार्ग मला माहीत नाही.

आता ज्या मुलाला सूर सापडतच नाही, त्याचे काय? स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात अशा मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितल्याचे पुष्कळांनी ऐकले असेल. हे वाक्य उच्चारणाऱ्याला ते किरकोळ वाटते. ऐकणाऱ्याच्या मनात ते साठ वर्षे राहते, आणि असा माणूस पुढे आपल्या मुलाला अंगाईसुद्धा म्हणत नाही. वस्तुतः ज्यांना स्वरांतील भेदच ऐकू येत नाही अशी माणसे शंभरांत फार थोडी असतात. बाकीच्यांचा कान शाबूत असतो. गळा कानाचे ऐकायला शिकलेला नसतो, एवढेच. तो सरावाने शिकतो, पण सरावाला आधी गाऊ दिले पाहिजे. एका गीताचा ठसा चांगला उमटावा म्हणून एका मुलाला जन्मभर मुके करणे, हा सौदा कोणत्या नीतीत बसतो? संगीताचा लाभ म्हणून जे जे आपण मानतो, ते ज्या मुलाला सहज गाता येत नाही त्यालाच अधिक हवे असते.

शेवटी आपल्या बृहन्महाराष्ट्रातील घरांविषयी. इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला वाढणारे मराठी मूल शाळेत हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलते आणि घरी अर्धेमुर्धे मराठी. पण गणपतीत आरती सुरू झाली की टाळ्या वाजवीत ते सगळी कडवी म्हणते. निम्म्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. भोंडल्याची गाणी, आजीच्या तोंडची बडबडगीते यांचेही तसेच. अर्थाशिवाय म्हटलेल्या गाण्याचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. परंतु प्रत्येक मूल आपली भाषा आधी नाद म्हणूनच शिकते. अर्थ मागाहून येतो. जी भाषा घरातून ओसरत आहे, तिचा नाद गाण्यात शिल्लक राहिला तर अर्थाला परत येण्यासाठी वाट राहते.

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. मुलाने मराठी गावे ते ‘आपली संस्कृती टिकावी’ म्हणून, असे आपण मंडळाच्या व्यासपीठावरून सांगतो तेव्हा बुद्ध्यंकाच्या जागी संस्कृतीचा शब्द आलेला असतो. हिशेब तोच राहतो. २००५ साली उत्तर अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की सहा महिन्यांच्या बालकांना बाल्कन प्रदेशातील अवघड, विषम लयींतील बदलही ओळखता येतो, जो त्यांच्या आईबापांना ओळखता येत नाही. आणि वर्ष भरण्याच्या सुमारास ही शक्ती ओसरते, कारण घरात ऐकू येणाऱ्या लयींनाच कान सरावतो. म्हणजे मूल आपल्यापेक्षा मोठा कान घेऊन येते, आणि आपण तो आपल्या मापाचा करून टाकतो. काही प्रमाणात हे अटळ आहे. त्यावाचून कोणतीही एक परंपरा मुलाची होणार नाही. पण जितका कमी लहान होईल तितका बरा. इंदूरच्या मराठी मुलाने आजीचा पाळणा ऐकावा आणि शेजारच्या घरातले माळवी गीतही ऐकावे. देवासच्या त्या आजारी गवयाच्या गाण्यात माळव्याची गीते मिसळली म्हणून ते उणे झाले नाही.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे आरंभीच्या प्रश्नातील ‘लाभ’ या शब्दाला निराळा अर्थ येतो. मुलाला संगीतापासून लाभ होतो, यात शंका नाही : कान उघडा राहतो, लयीत दुसऱ्यासाठी थांबणे येते, स्वतःची चूक स्वतः ऐकण्याची सवय लागते, चारचौघांत आपला आवाज मिसळण्याचे सुख कळते. परंतु यांतील एकही लाभ, तो मिळावा म्हणून गायले असता मिळत नाही. गाण्यातच मन असले म्हणजे तो मागून येतो. म्हणून मुलाचे गाणे कोणासाठी, या प्रश्नाला ‘आईबापांसाठी’, ‘शाळेसाठी’, ‘संस्कृतीसाठी’ ही उत्तरे जशी अपुरी, तसेच ‘त्याच्या स्वतःच्या भवितव्यासाठी’ हे उत्तरही अपुरेच. मूल कोणाबरोबर गाते, हे विचारणे अधिक रास्त होईल. चांगली शिकवणी, चांगली पेटी, चांगले ध्वनिमुद्रण यांची सोय ज्याला जमेल त्याने अवश्य करावी. पण दिवसातून दहा मिनिटे घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने मुलाजवळ बसून त्याच्याबरोबर गाणे, मग आपला आवाज कसाही असो, हे कोणत्याही घराला परवडणारे आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही. मोठ्यांनी गाणे सोडून दिले आणि मुलांना मात्र शिकवणीला पाठविले, तर मूल इतकेच शिकेल, की गाणे ही मोठे झाल्यावर सोडून द्यावयाची गोष्ट आहे.